सतरा नंबरचं हळदकुंकू

१

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता सुरतेत भेस्तानच्या त्या तिसऱ्या मजल्यावर जो घोळ उघडकीला आला, त्यात खून कुणाचाच झाला नव्हता. उलट, जे मरायला हवं होतं तेच ठणठणीत जिवंत होतं.

पुष्पाबाई सिंकपाशी काचेच्या नळ्या धूत होत्या. सहा वर्षं झाली त्यांना या प्रयोगशाळेत. त्याआधीची वीस वर्षं त्यांनी रंगाच्या कारखान्यात साड्या रंगवून धुतल्या होत्या. नळाच्या धारेखाली त्या आपल्याशीच गुणगुणत होत्या :

एक एक मणी ओवी लेक माझी गं शहाणी
तिच्या माळेच्या टोकाला कुण्या आईची कहाणी

तेवढ्यात आतून योगिताचा आवाज आला, चिरकलेला. "मॅडम, एकही नाही! एकसुद्धा मेली नाही!"

पुष्पाबाईंनी नळ बंद केला.

काय मरायला हवं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. योगिता म्हणजे पर्वत पाटियाच्या हिलालभाऊंची पोरगी. बाप लूमवर धागे जोडतो, लेक इथे औषधाची माळ जोडते. तिनंच त्यांना एकदा डबा खाता खाता समजावलं होतं. "मावशी, माळेत मणी फक्त चार, आणि टोकाला चरबीचं शेपूट. एवढंच माझं लिपोपेप्टाइड. कॅन्सरच्या पेशीचं अंग वेगळं असतं, त्याला ही माळ जाऊन चिकटते. मग शेपूट आत घुसतं आणि पेशी फुग्यासारखी फुटते." खात्री करायची रीत तर पुष्पाबाईंना फारच आवडायची. बशीतल्या पेशींवर निळा रंग टाकायचा. मेलेली पेशी तो पिऊन निळी होते. जिवंत पेशी रंगाला उंबऱ्यातूनच परत पाठवते. अख्खं सुरत रंग चढावा म्हणून राबतं, आणि इथे रंग न चढणं म्हणजे जीव!

तीन महिने सतरा नंबरच्या बाटलीनं कॅन्सरच्या पेशी निळ्याशार केल्या होत्या, शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशींना धक्काही न लावता. सोळा माळा वाया गेल्यावर ही सतरावी फळली होती. आज चार वाजता पुण्याहून दोन शास्त्रज्ञ ती बाटली न्यायला येणार होते. पुढची परीक्षा उंदरांवर.

आणि आज सतरा नंबर पाण्यासारखा निघाला.

छाया मॅडम मायक्रोस्कोपवरून उठल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख, बाई वर्ध्याच्या. रागावल्या की आवाज चढायचा नाही, उतरायचा.

"योगिता, तीन महिने तू मले जे आकडे दाखवून राहिली होती, ते कुठून आले?"

"मॅडम, याच औषधाचे! कुणीतरी बाटली बदललीय."

मॅडमनी बाटली उजेडात धरली. पांढऱ्या झाकणावर हळदीचं बोट होतं आणि त्यावर कुंकवाचा टिळा. "गुरुवारी दसऱ्याला पुष्पाबाईनं लावलेलं हे. अख्ख्या फ्रीझरमध्ये हळदकुंकू असलेली बाटली एकच. बदलली कशी?"

वजनाच्या मशीनवर बसणारा गजेंद्र दारातून म्हणाला, "आत्ताच तोलून बघितलं मॅडम. रेणूचं वजन तेच. दशांशापर्यंत तेच. माल बदललेला नाही."

मॅडमनी बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली.

"बाटली तीच, वजन तेच," मॅडम म्हणाल्या. "मंग आधीचे निकाल खोटे. तीन वाजेपर्यंत काही सांगायचं असंल तर सांग. नाही तर मी पाहुण्यांना खरं सांगते, सगळे निकाल मागे घेते, आणि त्याबरोबर तुझं नावही जाईल. खोट्या आकड्यांची पोरगी म्हटल्यावर तुले पुढं कोण दारात उभं करणार?"

२

योगिता जिन्यात जाऊन बसली. रडत नव्हती, आणि पुष्पाबाईंना त्याचीच धास्ती वाटली. त्यांनी शेजारी बसून तिचा हात हातात घेतला. दोघीच असल्या की त्या घरच्या अहिराणीत यायच्या.

"माले सांग बेटा, तू काही करेल शे का?"

"नही वं मावशी. तुनी आन."

"मग झालं. दुसऱ्या कुणीतरी करेल शे. ऊठ."

पुष्पाबाईंनी डोळे मिटले आणि गुरुवार आठवला.

दसऱ्याला लूमवाले लूम पुजतात, शिंपी मशीन पुजतो. या पोरांनीही दरवर्षीची रीत धरली होती. मशीनला टिळा, फ्रीझरला टिळा. योगितानं हट्टच धरला, "मावशी, माझा लूम म्हणजे सतरा नंबर. त्याला लाव." मॅडम म्हणाल्या होत्या, "झाकणाला लावा, काचेला नको, आणि अर्ध्या मिनिटात परत आत." उणे वीसमधून काढलेल्या बाटलीला बाहेर येताच घाम फुटला. त्या ओल्या झाकणावर पुष्पाबाईंनी हळद टेकवली, तशी ती कडेनं गोल पसरली आणि तिचा एक ओघळ...

त्यांनी डोळे उघडले. "ओघळ!"

"काय?"

"थांब जरा."

आणखीही काहीतरी आठवत होतं त्या दिवशीचं. दारावर सोडायच्या फुलांच्या माळेवरून हशा झाला होता. अमोलनं ओवलेली माळ. त्यात हसण्यासारखं काय होतं? पण आधी ओघळ.

मॅडमच्या टेबलावर बाटली बर्फाच्या डब्यात उभी होती. पुष्पाबाईंनी पदराला हात पुसले आणि वाकून बघितलं. झाकणाच्या कडेला पिवळं कडं होतं. त्यातून एक पिवळी रेघ खाली उतरली होती. झाकण संपलं तिथे रेघही संपली, सुरीनं कापावी तशी. खाली काच स्वच्छ. काचेवरचं कागदी लेबल तर दुधासारखं पांढरं.

"मॅडम, माझ्या हळदीचा ओघळ लेबलापर्यंत गेला होता. सतराच्या सातावर पिवळा डाग पडला होता, मी जीभ चावली होती. तो कुठंय?"

"पुसला असंल कोणी."

"काचेवरून पुसाल. कागदातून हळद निघाली तर मी माझी वीस वर्षं परत करते." पुष्पाबाई उभ्या राहिल्या. "झाकण माझ्या हळदीचं आहे. बाटली माझ्या हळदीची नाही. खरीचं झाकण काढून या दुसरीला बसवलंय."

मॅडमनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. घड्याळात साडेअकरा झाले होते.

"पण मंग वजन?" त्या हळूच म्हणाल्या. "चोरी करणारा चोरलेल्याच वजनाचा माल कशाले ठेवीन, पुष्पाबाई?"

पुष्पाबाई किल्ल्यांची चौकशी करायला निघाल्या.

३

शुक्रवार ते रविवार प्रयोगशाळा बंद होती. योगिता घरच्यांबरोबर अमळनेरला मावसबहिणीच्या घरी गेलेली. राहिले तिघे.

किल्ल्या असायच्या भाईदासकाकांकडे. काका भांडार सांभाळायचे. आधी कतारगामला हिऱ्यांच्या कारखान्यात होते, त्यामुळे कुठलीही काच दोन बोटांत धरून आधी उजेडाला लावायची त्यांची खोड.

"जुओ पुष्पाबेन," ते म्हणाले, "चावी मेरे पास, ये सच. शनिवारी गजेंद्रने मागितली, शुक्रवारी अमोलने मागितली, रविवारी मॅडम स्वतः आल्या. मी कुणाला ना कशी पाडू?"

गजेंद्र चिडला. "हां, आलो होतो. मशीन धुवायला. योगिताबरोबर माझं भांडण झालं म्हणून मीच चोर? अरे, तिला रोज मशीन पहिले पायजे, बाकीच्यांनी काय गरबा खेळायचा? पण तिचं औषध चालावं असं मलाबी वाटतं, मावशी. माझी आत्या गेली ना याच रोगानं."

अमोल आपल्या कोपऱ्यात होता. योगिता माळेचा नमुना कागदावर उतरवायची, अमोल तो ओवायचा. प्लास्टिकच्या नळीत रेझिनचे बारीक दाणे, त्या दाण्याला पहिला मणी, त्याला दुसरा, असं चढवत न्यायचं. जालन्याकडचा पोरगा. बाप सुरतेत बिल्डिंगांच्या कामावर. योगिताचा जिवलग मित्र. तिच्या वाढदिवसाला स्वतः शेवभाजी करून आणणारा.

"शुक्रवारी यादी करायला आलतो मावशी. लगेच गेलो," तो म्हणाला. बघत होता मात्र नळीकडे.

पुष्पाबाई पुन्हा बाटलीपाशी आल्या. झाकणाच्या पिवळ्या कड्यावर समोरासमोर दोन लाल डाग होते. सकाळपासून सगळ्यांनीच ते कुंकू म्हणून सोडून दिले होते. पण कुंकू त्यांनी मधोमध टेकवलं होतं. कडेला गेलं कसं? आणि हा लाल कुंकवाचा नव्हे. हा विटकरी लाल त्यांनी हजारदा पाहिला होता. सणाच्या पातळाला हळद सांडते, बाई घाईनं साबण लावते, आणि पिवळा डाग बघता बघता रक्तासारखा होतो.

"भाईदासभाई, तुमच्या चहाचं लिंबू द्या."

"लिंबू? अत्यारे?"

"हो, अत्ताच!"

सगळे जमले. पुष्पाबाईंनी कापसाच्या काडीवर लिंबाचा थेंब घेतला आणि आधी मधल्या टिळ्याच्या टोकाला लावला. बाजारचं रंगाचं कुंकू, ते लालच राहिलं. मग कडेच्या डागाला.

लाल डाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला.

"अगं बाई!" योगिता ओरडली. "मावशी, तुम्ही तर आमच्या वरताण निघालात!"

"हे कुंकू नाही, हळदच आहे," पुष्पाबाई म्हणाल्या. "झाकण फिरवताना अंगठा आणि बोट इथे पडलं. त्या हाताला क्षार लागलेला होता, साबणासारखा."

गजेंद्र टाळी वाजवून हसला. "आणि दिवसभर साबणात हात कुणाचा असतो, मावशी?"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. मॅडमचीसुद्धा.

४

पुष्पाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. धुऊन धुऊन बोटांची टोकं सुरकुतलेली, गुळगुळीत.

"बघा. माझं बोट ओलं असतं, त्यानं हळद पुसली गेली असती. दुसऱ्या डागाला अजून लिंबू लावलेलं नाही. भिंग लावा मॅडम."

मॅडमनी भिंग लावलं. "बारीक दाणे उमटले आहेत. निळ्या हातमोज्याचे."

"मी निळे मोजे घालत नाही. मशीन धुताना गजेंद्र घालतो, पण मशीनला तो स्पिरिट लावतो, त्यानं हळद लाल होत नाही. आता सांगा, इथे साबणासारखं दुसरं काय आहे?"

योगितानं एकदम तोंडावर हात नेला. "पायपरिडीन!"

पुष्पाबाईंना नाव जमायचं नाही, वास जमायचा. शिळ्या मासळीसारखा. एक मणी बसला की त्याच्या डोक्यावरची टोपी या पाण्यानं उतरवायची, तेव्हाच पुढचा मणी बसतो. आणि आज सकाळी सिंकमध्ये त्यांना तोच वास आला होता, तीन दिवस बंद असलेल्या प्रयोगशाळेत.

"म्हणजे सुट्टीत कुणीतरी नवी माळ ओवली," मॅडम म्हणाल्या. "ओवता तिघांनाच येतं. योगिता गावाला. राहिले मी आणि..."

वाक्य पुरं झालं नाही. कोपऱ्यातलं स्टूल रिकामं होतं.

"अमोल?" योगिताचा आवाज एवढासा झाला. "नाही मॅडम. तो असं करणारच नाही. आणि करून मिळवलं काय? तेच चार मणी, तेच शेपूट, तेच वजन! माझं औषध चोरून माझंच औषध कोण ठेवेल?"

गाडी पुन्हा त्याच खडकावर येऊन थांबली. एक वाजून गेला होता.

पुष्पाबाई दाराकडे निघाल्या, अमोलला शोधायला. दारात त्यांच्या डोक्याला काहीतरी लागलं. दसऱ्याची माळ. खिळ्याला टांगलेली, चार दिवसांत सुकलेली.

त्या थांबल्या. वर बघितलं, खाली बघितलं. वरून झेंडू केशरी, मग आंब्याचं पान, मग शेवंती, मग झेंडू पिवळा.

आणि तो हशा कानात वाजला.

योगिता स्टुलावरून सांगत होती, "वरपासून लिही अमोल. पिवळा, शेवंती, पान, केशरी." अमोलनं कागदावर लिहून घेतलं आणि सुईत त्याच क्रमानं ओवत गेला. टांगली तर केशरी वर, पिवळा तळाला! गजेंद्र लोळायचा बाकी राहिला होता. पुष्पाबाईही हसल्या होत्या. "अरे बाबा, पहिलं फूल गाठीपाशी जातं. गाठ तळाशी लोंबते. वरचं फूल शेवटी ओवायचं असतं!"

सगळे हसले होते, एक अमोल सोडून. तो हातातल्या सुईकडे बघत पांढराफटक पडला होता. जिलेबीला हातही न लावता निघून गेला होता.

पुष्पाबाई गर्रकन वळल्या.

"योगिता! तुमची माळ कुठून ओवता? कागदावर पहिला लिहिलेला मणी आधी की शेवटी?"

"शेवटी. दाणा म्हणजे आमची गाठ. शेवटचा मणी आधी दाण्याला बसवायचा, मग उलटं येत येत पहिला. सगळ्यात शेवटी शेपूट. पण ते तर कुणीही..."

ती थांबली. तिचे डोळे त्या सुकलेल्या माळेवर गेले. मॅडमचेही.

"उलटी ओवली तर," मॅडम अडखळत म्हणाल्या, "मणी तेच. वजन तेच. फक्त शेपूट दुसऱ्या टोकाच्या मण्याले लागलं!"

"वजनाला कसं कळणार?" गजेंद्र पुटपुटला. "फुलं उलटी ओवली म्हणून तराजूला काय फरक पडतो!"

५

अमोल गच्चीवर होता, पाण्याच्या टाकीमागे. पुष्पाबाई एकट्याच वर गेल्या. बाकीच्यांना त्यांनी जिन्यातच थोपवलं.

"बेटा, सतरावी माळ तू पहिल्या दिवशीच उलटी ओवली होतीस ना?"

त्याचे खांदे खचले.

"त्या दिवशी मला ताप होता मावशी. सोळा माळा नीट ओवल्या. सतरावीला कागद वाचत गेलो तसं ओवत गेलो. मला कळलंसुद्धा नाही. तीन महिने! गुरुवारी फुलं उलटी लटकलेली बघितली आणि काळजात धस्स झालं. घरी जाऊन वही काढली. उलटी."

"मग सांगायचं होतं."

"कुणाला? योगिताला? तिचं पहिलं यश, आणि ते माझ्या चुकीचं?" त्यानं नाक पुसलं. "पुण्यात नुसतं वजन बघत नाहीत. एकेक मणी तोडून क्रम वाचतात. कागदावर एक आणि बाटलीत भलतंच, तिची बदनामी झाली असती. म्हणून शुक्रवारी दिवसरात्र बसून नीट ओवली. मशीनवर साफ केली, वाळवली. वाटलं, चुकलेली माळ एवढी चालते तर बरोबर ओवलेली किती चालेल! सकाळी ती चाललीच नाही. मॅडम योगिताला बोलायला लागल्या आणि माझी जीभ टाळूला चिकटली."

"जीभ चिकटली म्हणून त्या पोरीचं नाव बुडू देणार होतास?"

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "नाही. चारपर्यंत सांगणारच होतो. धीर गोळा करत होतो."

"तो मी देते. खरी बाटली कुठंय?"

"फ्रीझरमध्येच. खालच्या कप्प्यात, बर्फाच्या पिशव्यांमागं. टाकवली नाही मावशी. हातच झाला नाही."

पुष्पाबाई त्याचा दंड धरून निघाल्याही होत्या.

६

बाटली निघाली तेव्हा दोन वाजले होते. अनोळखी झाकण, पण लेबलावर सातच्या पोटात पिवळा डाग. हळद जागची हलली नव्हती.

मग त्या प्रयोगशाळेत जी धांदल उडाली, ती दिवाळीच्या फराळालाही उडत नाही. योगितानं बश्या काढल्या, एकीत कॅन्सरच्या पेशी, दुसरीत निरोगी. गजेंद्र न सांगता बर्फ आणायला धावला. भाईदासकाका दर पाच मिनिटांनी डोकावून "थयुं के नहीं?" विचारत होते. अमोल भिंतीला टेकून उभा. त्याला कुणी जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

औषध घातलं. घड्याळाचा काटा चिकटल्यासारखा झाला. अडीच. पावणेतीन. पुष्पाबाईंनी धुतलेल्या नळ्या पुन्हा धुतल्या.

तीनला पाच कमी असताना योगितानं निळ्या रंगाचा थेंब सोडला आणि डोळा भिंगाला लावला.

ती भिंगावरून डोळा काढेना.

"अगं बोल ना!" मॅडम ओरडल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"निळ्या," योगिता म्हणाली. "मॅडम, निळ्याशार! सगळ्या!" तिनं दुसरी बशी सरकवली. "आणि इथे पांढऱ्या. एकही रंग घेत नाही!"

मग ती रडली. सकाळपासून अडलेलं सगळं रडली आणि हसलीही. मॅडमनी भिंगातून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि मागे वळल्या.

"अमोल."

"जी मॅडम."

"बाटली बदलणं हा गुन्हा आहे. त्याचं मी तुले सोडणार नाही. वहीत लिही सगळं, तारखेसकट. ताप होता तेही लिही. पाहुण्यांसमोर तूच वाचशील."

"हो मॅडम."

"आणि दोन्ही बाटल्या पुण्याले जातील. एक सुलटी, एक उलटी. चार मणी तेच, मंग एक काहून मारते आणि दुसरी काहून नाही, हे आता आख्ख्या जगाले विचारू!"

योगितानं जुना नमुन्याचा कागद समोर ओढला. माळेचे चार मणी खोडले, उलट क्रमानं नव्यानं लिहिले. पेन क्षणभर थांबलं. खाली तिनं लिहिलं : आराखडा, चुकीचा, योगिता. ओवणी, चुकून बरोबर, अमोल.

कागद त्याच्याकडे सरकवत ती म्हणाली, "शेवभाजी वर्षभर तूच करायची. आणि परत माझ्यापासून काही लपवलंस ना, तर याच खिळ्याला टांगीन. डोकं खाली."

अमोल रडत हसला.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. चारला दहा कमी. भाईदासकाका शर्ट खोचत जिन्याकडे पळाले. मॅडमनी खरी बाटली बर्फाच्या पेटीत ठेवता ठेवता हात थांबवला आणि पुष्पाबाईंपुढे धरली.

"पुष्पाबाई, लांबच्या प्रवासाले निघाली. टिळा लावत नाही का?"

पुष्पाबाईंनी कपाटामागची दसऱ्याची कुयरी काढली. योगितानं सवयीनं झाकण पुढे केलं.

"झाकण नको बेटा," त्या म्हणाल्या. "झाकणाचा काही भरवसा नाही."

आणि त्यांनी हळदीचं बोट सरळ काचेला लावलं.